तिसऱ्या खणातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. तीन खणांचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा कडूबा सुतारांनी एका मोडक्या सागवानी दाराच्या फळ्यांतून मला घडवलं आणि तालुक्याच्या गावी एका कचेरीच्या भिंतीवर ठोकलं. माझ्या खणांवर वामनराव कारकुनांनी सुबक अक्षरात लिहिलं: ‘आलेले’, ‘चालू’, ‘निकाली’. मी जरा फुगूनच बसलो.

काम सोपं होतं. खेड्यावरून कुणी यायचं, तोंडानं मागणं सांगायचं, वामनराव ते चिठ्ठीवर उतरवून पहिल्या खणात ठेवायचे. साहेबांची सही झाली की चिठ्ठी दुसऱ्यात आणि काम झालं की तिसऱ्यात. पुढं कुणी विचारायला आलं की वामनराव माझ्याकडे नुसती मान वळवत आणि उत्तर देत. पूर्वी एवढ्याशा उत्तरासाठी लोकांना चार-चार खेपा पडत. जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब म्हणाले, “असा खोका प्रत्येक कचेरीत हवा.” दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळाली. वामनरावांचा एकच कटाक्ष होता, चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही. खाडाखोड दिसली की साहेब सही करत नसत. म्हणून काही बदललं की वामनराव नवी चिठ्ठी करत.

एका उन्हाळ्यात उंद्रीकडच्या एका वस्तीवरून सोजराबाई आल्या. भाजीचा मळा करणाऱ्या, बोलायला खणखणीत. शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली होती.

“आमच्या इहिरीत लाल औषध टाका, साहेब. घरात सून भरल्या दिवसाची हाये,” त्या म्हणाल्या.

वामनरावांनी लिहिलं, ‘वस्तीवरील विहीर. औषध टाकणे.’ दुसऱ्याच दिवशी सही होऊन ती चिठ्ठी माझ्या दुसऱ्या खणात आली. औषध मात्र नांदुऱ्याला रेल्वेनं यायचं होतं. त्यात आठवडा गेला.

आठव्या दिवशी सोजराबाई पुन्हा आल्या. उन्हानं तोंड काळवंडलं होतं.

“इहीर आटली जी. आता आम्ही नाल्यातल्या झिऱ्याचं पानी पिऊन राह्यलो. वाळूत खड्डा खांदला हाये. औषध तिथं टाका. इहिरीत टाकून काय फायदा?”

जुनी चिठ्ठी काढून ‘विहीर’ खोडली असती आणि वर ‘झिरा’ लिहिलं असतं, तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण खाडाखोड! वामनरावांनी नवी चिठ्ठी केली, ‘सोजराबाई. मागणी मागीलप्रमाणेच. जागा नाल्यातील झिरा.’ ती पहिल्या खणात गेली. जुनी दुसऱ्यात तशीच राहिली. एकाच बाईचं एकच मागणं माझ्या पोटात दोन ठिकाणी बसलं, आणि त्यातलं आजचं कुठलं हे मला सांगता येत नव्हतं.

औषध आलं. औषधवाले भाऊराव दुसऱ्या खणातली चिठ्ठी घेऊन सायकलनं वस्तीवर गेले. माणसं सगळी मळ्यात होती. विहिरीच्या तळाशी नुसता चिखल होता. पण चिठ्ठीत विहीर लिहिली होती, आणि भाऊराव चिठ्ठीबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी चिखलात औषध ओतलं, सही केली आणि परत आले. चिठ्ठी तिसऱ्या खणात पडली.

मग नवी चिठ्ठी वामनरावांच्या हाती आली. तेच नाव, तीच वस्ती. ‘मागीलप्रमाणेच’ एवढं त्यांनी वाचलं. “हे तर झालं की,” असं पुटपुटत त्यांनी ती जुनीच्या पाठीला टाचणीनं टोचली.

तिसऱ्यांदा सोजराबाई आल्या. “काय झालं हो माह्या अर्जाचं?”

वामनरावांनी मान वळवली. “झालं बाई तुमचं काम.”

“टाकलं औषध?”

“टाकलं. भाऊरावांची सही आहे.”

बाईंचा चेहरा उजळला. “पानी उकळू उकळू सरपन सरलं होतं जी. आता सुनेले सांगाले पायजे, पी म्हनाव पोटभर.”

मित्रांनो, मी तेव्हा खिळ्यावरून निखळून त्यांच्या पायाशी पडायला हवं होतं. झिऱ्याची चिठ्ठी माझ्याच पोटात होती. लाकडाला बोलता येत नाही हे खरं, पण त्यानं मनाचं समाधान होत नाही.

सहा दिवसांनी त्या आल्या, तेव्हा सोबत दीर उकंडराव होते. सोजराबाईंचा आवाज पार बसला होता.

“सून गेली. पोटातलं बी गेलं,” त्या म्हणाल्या. “म्या माह्या हातानं तांब्या भरून देल्ला तिले. तुमी झालं म्हनलं ना, म्हून देल्ला.”

वामनरावांनी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. टाचणी काढून मागची शेवटपर्यंत वाचली.

“म्या झिऱ्याचं सांगतलं होतं,” सोजराबाई म्हणाल्या.

“लिहिलं होतं, बाई,” वामनराव म्हणाले. “मी लिहिलं होतं.”

चौकशी झाली. अक्षर स्वच्छ, सह्या जागच्या जागी. कुणाला काही बोल लागला नाही. वामनरावांनी बदली मागून घेतली. काही वर्षांनी लोखंडी कपाट आलं आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. वाळवीनं माझा एक खण खाल्ला आहे. उरलेले दोन खाल्ले तरी माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी एकच मागणं घेऊन दुसऱ्यांदा आलं, तर खोक्याकडे मान वळवू नका. त्या माणसाकडे बघा. मागच्या खेपेपेक्षा आज काय बदललं, ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि जुनं खोडायची लाज बाळगू नका.

मी एवढंच सांगू शकतो, आणि त्यानं कुणी परत येणार नाही. त्या वस्तीवरून पुन्हा कुणी अर्ज घेऊन आलं नाही. वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांनी मोठ्या समाधानानं लिहिलं, की या वस्तीची एकही मागणी बाकी नाही.