जुन्या मापावर

शिंप्याच्या धाकट्या बहिणीला बुद्धिबळ कुणी शिकवलंच नाही. वडील त्याला शिकवायचे तेव्हा ती शेजारी पेन्सिल चावत बसायची, आणि आठव्या दिवशी तिने बापलेकांना दोघांनाही हरवलं. वडील म्हणाले, "हिच्या बोटांत अक्कल आहे आणि याच्या बुडात चिकाटी." थट्टाच ती, पण शिंप्याला जन्माची लागली.

लग्न होऊन ती दूर गेली आणि तिने पुन्हा पटाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ज्याला दात त्याला चणे नाहीत, दुसरं काय! हा मात्र रोज दुकान बंद केलं की वहीत उतरवलेले तिचे जुने डाव मांडायचा आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचा. बावीस वर्षं झाली, सात वह्या भरल्या. या नादात लग्न राहिलं, मित्र पांगले. तिला एकदा, फक्त एकदा हरवायचं, नाहीतर ही सगळी वर्षं पाण्यात.

गेल्या वर्षी तिचा नवरा वारला. या रविवारी ती कोटाचं कापड घेऊन आली, संध्याकाळच्या बसने परत जाणार होती. ती पाणी पिते न पिते तोच याने पट मांडला. ती नको म्हणाली नाही.

अठराव्या चालीपर्यंत ती अगदी वहीतल्यासारखी खेळली. शिंपी मनातून नाचत होता. आता ती घोड्याने प्यादं खाणार, की आपण वजिराने घोडा मारायचा! पटावर तिचा हात फिरला तसा त्याने वजीर उचलला.

घोडा जागचा हललाच नव्हता. तिने कडेचं प्यादं एक घर सरकवलं होतं.

"दादा, मी काय खेळले ते बघ तरी," ती म्हणाली. "ठेव तो परत."

"हात लावला की खेळायचं."

वडिलांचा नियम तो. वजीर राजाच्या दारातून हलला आणि चौथ्या चालीला मात झाली. त्याला रडावंसं वाटलं, पण तेही जमलं नाही.

"कापड ठेवून जाते," ती उठत म्हणाली. "माझं माप आहे ना तुझ्याकडे?"

आहे म्हणता म्हणता तो थबकला. जुन्या मापावर कात्री चालवू नये, हे तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचा. त्याने टेप काढली. कंबर लग्नाआधीच्या मापापेक्षाही दोन इंच कमी भरली. तीन तास ती समोर बसली होती आणि त्याला दिसलं नव्हतं.

"जेवतेस की नाही गं?"

"एकटीपुरतं शिजवावंसं वाटत नाही रे."

राहा इथेच, असं म्हणावंसं त्याला वाटलं. पण त्यावर ती काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं, याचा तो विचार करत बसला, आणि बस आली.