शेवटल्या बांधीचा कोपरा

चूक वीरेंद्रची होती, हे आधी सांगून ठेवते. मंग बाकीचं ऐका.

मी मालनबाई. सिहोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. वय बावन्न, शाळा चौथी, पण मोबाईल असा चालवते का माझा नवरा धनीराम आपला फोन घेऊन माझ्याच मागे फिरते, "मालन, हे कसं उघडते वो?" बचत गटाची अध्यक्ष आहे मी. आजूबाजूच्या अकरा गावांच्या बायांचे ग्रुप माझ्या फोनमध्ये आहेत. रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, टोळी बी माझीच. बारा-पंधरा बाया, पावसाळा लागला का दीड महिना आमची कंबर सरळ होत नाई.

आमच्याकडे रोवण्याच्या शेवटल्या दिवशीची एक रीत आहे. शेवटल्या बांधीचा एक कोपरा बाया रोवतच नाईत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तिथं ठेवतात अन् बांधीच्या काठच्या धुऱ्यावर उभ्या राहतात. मालकानं स्वतः चिखलात उतरायचं, बायांच्या हातचा चिखल अंगावर घ्यायचा, अन् टोळीतली एक बाई त्याची नक्कल करते ते गुमान पाहायचं. वर्षभर जो आमच्यावर ओरडते, त्याले त्या दिवशी काहीही म्हणा. राग धरायचा नाई, अन् बांधीतलं गावात न्यायचं नाई. मंग तो चहा-चिवडा देते, आम्ही कोपरा रोवतो, झालं. माझ्या सासूच्या वेळेपासून असंच चालत आलं. कोणाचं काही बिघडलं नाई.

मागच्या सालची नक्कल अंजूनं केली.

अंजू माझ्या लहान बहिणीची पोरगी. मीच तिले या गावात दिली, परसरामच्या राजकुमारले. पोरगी बारावी शिकलेली, अन् इथे येऊन चिखलात हात. राजकुमार राईस मिलमध्ये पोती उचलते, त्याची पाठ दोन सालापासून गेली आहे. त्या साली गावच्या अंगणवाडीत मदतनीस पायजे होती. अंजूनं फॉर्म भरला, अन् पहिल्या यादीत पहिलं नाव तिचं. दुसरं नाव ईश्वरच्या बायकोचं, रीताचं. यादी लागल्यावर दहा दिवस कोणाची हरकत असंन तर घ्यायची, मंग पक्की होते. तेच दहा दिवस चालू होते. अंजू मले म्हणे, "मावशी, हा माझा शेवटला रोवणा आहे पाय. पुढच्या साली मी लेकराईले खिचडी वाढीन." एवढी खुश होती पोरगी, का काय सांगू.

म्हणूनच त्या दिवशी तिच्या अंगात आलं. मालक घनश्याम. त्याची सवय सगळ्या बायांले माहीत आहे. धुऱ्यावर छत्री घेऊन बसते, मोबाईलवर नाचणाऱ्या पोरींचे रील पाहते, अन् तोंडानं म्हणते, "राम राम राम, काय जमाना आला, बायांले लाज उरली नाई." म्हणते अन् बोटानं पुढचं लावते. अंजूनं डोक्याले टॉवेल बांधला, लुगड्यात पऱ्ह्याची पेंडी खोसून पोट काढलं, तोंडाले चिखल फासला. हातात खापराचा तुकडा, तोच मोबाईल. आधी घनश्यामसारखी "राम राम" केली, मंग त्या मोबाईलमधल्या पोरीसारखी कंबर हलवून नाचली, मंग पुन्हा "राम राम." बाया चिखलात बसून हसत होत्या. घनश्याम बी हसला. खरं सांगते, मनापासून हसला बिचारा.

घनश्यामचा पोरगा वीरेंद्र, सव्वीस वर्षाचा घोडा, नागपूरची नोकरी सोडून घरी बसलेला, धुऱ्यावर उभा राहून शूटिंग करत होता. मी पाहिलं. मले वाटलं घरी दाखवायले काढून राहिला. मी त्याले उलट म्हटलं, "नीट काढ बे, आम्हीबी दिसलो पायजे." हे बी मी म्हटलं होतं. लपवत नाई.

तिसऱ्या दिवशी धनीरामनं पानठेल्यावरून येऊन मले रील दाखवलं. वर कोणत्या तरी भलत्याच गाण्याचा धिंगाणा, अन् खाली आमची अंजू. पण घनश्याम कुठंच नाई. छत्री नाई, "राम राम" नाई, मोबाईलची गंमत नाई. मेल्यानं बापाची नक्कल कापली अन् कंबर ठेवली. तेवढीच पुन्हा पुन्हा फिरून राहिली. वर लिहिलं, "रोवण्याची मस्ती". दोन लाख लोकांनी पाहिलं होतं, अन् खाली काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं अन् माझे कान तापले.

मी गेली तशीच वीरेंद्रच्या घरी. म्हटलं, "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"काकू, कायले तापता?" खाटेवर लोळूनच बोलला तो. "चेहरा दिसते का कोणाचा? नाई ना. मंग कायदा काही म्हणत नाई. अन् बांधी आमची, फोन माझा."

"नाचणारी आमची आहे ना!"

"अवो, गावाचं नाव होऊन राहिलं. लोक असं व्हायरल व्हायले मरतात."

पानठेल्यावर बी तेच. गावाले जसा नवीन धंदाच भेटला. एक म्हणे, त्याले यातून पैसे भेटत असतील. दुसरा म्हणे, आजकाल प्रायव्हसी कोणाची उरली, आपण फोनजवळ युरियाचं नाव काढलं तरी युरियाची जाहिरात येते. ईश्वर म्हणे, बायांनीच नाचू नये ना, म्हणजे शूटिंग होणार नाई. अन् हे सारे बोलता बोलता तेच पाहून राहिले होते, मान वाकवून. मले तर वाटलं, एकेकाच्या हातून फोन घेऊन नालीत टाकावा. ठाण्यात गेली. तिथला जमादार चांगलं बोलला, खोटं कायले सांगू. म्हणे, बाई, तक्रार होते, पण जिचा व्हिडिओ आहे तिनं स्वतः येऊन सही करा लागते.

अंजूले म्हटलं, चाल. तिनं माझा हात धरला अन् दरवाजा लावून घेतला.

"मावशी, चूप राय. पाया पडते तुझ्या. त्यात चेहरा दिसत नाई, नाव नाई. मी तक्रार केली का ती मीच होय हे लिहून दिल्यासारखं होते. पाच दिवस राहिले. यादी पक्की होऊ दे. लोक आठ दिवसांत दुसरं काही पाहतील."

"असं चूप राहूनच यांची हिंमत वाढते."

"वाढू दे. मले नोकरी पायजे, मावशी. न्याय नाई पायजे."

मी हाव म्हटलं. खरंच हाव म्हटलं होतं.

पण मंग बाजूच्या गावच्या एका ग्रुपमध्ये तेच रील येऊन पडलं, अन् तिथली एक बाई लिहिते, ही तर पैसे देऊन आणलेली नाचणारी दिसते, घरची बाई असं करंन का? खाली दहा जणींनी अंगठे दाबले. माझ्या बहिणीची पोरगी, मरताना बहिणीनं माझ्या पदरात टाकलेली, बारावी शिकलेली, सासऱ्यापुढं पदर न पडू देणारी पोरगी, तिले नाचणारी म्हणून राहिल्या. मले राहवलंच नाई. मी फोन तोंडाजवळ धरला अन् बोलली. काय बोलली ते मले अक्षर न् अक्षर पाठ आहे, गावालेबी पाठ आहे:

"ऐका वो बायांनो. हा व्हिडिओ कोण्या नाचणारीचा नाई. आमच्या अंजूचा आहे, परसरामच्या सुनेचा. रोवण्याची रीत होती, नक्कल होती. कोणी पाहू नका, कोणी पुढे धाडू नका, जिच्या मोबाईलमध्ये असंन तिनं डिलीट करा. नाई तर मंग मालनबाई आहे अन् तुम्ही आहा!"

अन् कोणता व्हिडिओ ते समजावं म्हणून तो बी सोबत जोडला. एका ग्रुपमध्ये नाई, अकराही ग्रुपमध्ये धाडलं. कसं ठणकावून सांगितलं पाय, असं म्हणून धनीरामले ऐकवलं. तो म्हणे, "एक नंबर." त्या दिवशी मी पोटभर जेवली.

दहाव्या दिवशी रीताची हरकत आली. अर्जदार बाई अश्लील नाचते, लहान लेकरांवर काय संस्कार होतील, सोबत पुरावा जोडला आहे. तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं. अंजूसोबत मी गेली, मले घरी कोण बसवते? नवीन लुगडं नेसली होती मी. बसमध्ये अंजूले म्हटलं, "भिऊ नको, मी बोलते."

आतमध्ये टेबलापलीकडं एक मॅडम, अलीकडं रीता अन् ईश्वर. मॅडमनं रील पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मंग ईश्वरले म्हणाली, "यात चिखलाशिवाय काही दिसत नाही. ही बाई म्हणजे ह्याच, हे तुम्ही कशावरून म्हणता? चेहऱ्याशिवाय मी कोणाचं नाव कसं कापू?"

अंजूनं खाली घातलेली मान वर केली. मले तिचा श्वास सुटलेला ऐकू आला. मी मनात म्हटलं, घे रे ईश्वर, आता बोल.

ईश्वरनं खिशातून आपला फोन काढला, टेबलावर ठेवला अन् बोट दाबलं.

"ऐका वो बायांनो..."

माझा आवाज. त्या चार भिंतींमध्ये माझाच आवाज, ठणठणीत, एक शब्द हुकलेला नाई. आमच्या अंजूचा आहे, परसरामच्या सुनेचा. मॅडमनं विचारलं, हा आवाज कोणाचा? रीतानं माझ्याकडं बोट केलं. मॅडम म्हणाली, "तुम्ही यांच्या कोण?"

"मावशी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? खोटं बोलायचं तर तोंडच राहिलं नव्हतं. मंग मी बोलायले लागली, रीत सांगितली, घनश्याम सांगितला, छत्री सांगितली, कापलेलं सांगितलं. मॅडम सगळं लिहीत होती. मान हलवत होती. तिच्या कागदावर काय उतरलं देव जाणे, पण पहिली ओळ तेवढी मले वाचता आली, एवढं चौथी शिकलेल्या बाईले येते. तिथं लिहिलं होतं, नातेवाइकाने ओळख पटवली.

बाहेर आलो. फाटकाजवळ चहाचा ठेला होता, मी म्हटलं, "चहा घे, पोरी." अंजू थांबली. रडली नाई, भांडली नाई. भांडली असती तर बरं झालं असतं, मी बी चार शब्द बोलली असती. ती म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी आता आणखी काही करू नको." अन् बसमध्ये दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. नाव रीताचं. आता रोज दहा वाजता अंजूची चार वर्षांची पोरगी डबा घेऊन अंगणवाडीत जाते अन् रीताच्या हातची खिचडी खाते. घरी येऊन सांगते, रीता मावशी छान आहे. आता लेकराले काय सांगा, अन् कसं सांगा?

मी तो संदेश डिलीट केला. माझ्या फोनातून गेला. वीरेंद्रनं तवर माझा आवाज उचलून दुसरं रील बनवलं होतं. "मालनबाई आहे अन् तुम्ही आहा" म्हणून पोट्टे आता म्हशीपुढं, सासूपुढं, शाळेच्या मास्तरापुढं तोंड हलवतात, वर आवाज माझा. बाजारात अनोळखी माणूस माझं बोलणं ऐकून मागे वळते. "त्याच का वो तुम्ही?" म्हणते. फोटो काढू का म्हणून विचारते. त्यानं तरी विचारलं बाप्पा, आधी कोणी विचारलं नव्हतं.

यंदा पुन्हा रोवणा लागला. राजकुमारची पाठ तशीच, म्हणून अंजू आली माझ्याच टोळीत. जाईल कुठं? दीड महिना माझ्या बाजूच्या ओळीत रोवत होती. "पेंडी दे," "सरक," याच्या पुढं एक शब्द नाई.

काल शेवटला दिवस. कोपरा सोडला होता आम्ही, रीत म्हणून. घनश्याम आपणहून उतरला चिखलात, धोतर गुडघ्यावर खोसून उभा राहिला. कोणी चिखल उचलला नाई. बाया अंजूकडं पाहून राहिल्या. धुऱ्यावर वीरेंद्र, फोन तयार धरून.

अंजूनं पऱ्ह्याची पेंडी उचलली, घनश्यामच्या बाजूनं गेली, वाकली अन् एकटीच कोपरा रोवायले लागली. आम्ही पाहत राहिलो. चार काकऱ्या, मंग चार, मंग पुरा कोपरा. घनश्याम तिथंच उभा, त्याच्या पायाभोवती बी तिनं रोवून टाकलं. मंग पाटात हात धुतले, पदर झटकला अन् मागं न पाहता घरी निघून गेली. चिवड्यालेबी थांबली नाई.

वीरेंद्रनं फोन खाली केला. मंग माझ्याकडं वळवला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही तरी काही बोला ना. तुमचा आवाज मस्त चालते."

मी तोंड उघडलं नाई. एक वर्ष उशीर झाला.