बाथरूममध्ये लपवलेला पंखा

मित्रांनो, माझी मान कायम थोडी झुकलेली असते. मागचा स्क्रू झिजला आहे, एवढंच त्याचं कारण. पण गेल्या आश्विनात गिरगावातल्या एका घरात ती खरोखरच लाजेने खाली गेली. मी एक टेबल फॅन आहे, वयाने तुमच्या बाबांएवढा. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कोणीतरी पडून असेल, म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

एका कारखान्यात तांब्याची तार गुंडाळून माझी मोटर तयार झाली. तीन पाती बसली, जाळीवर हिरवा रंग चढला. मग गणपतरावांनी मला विकत घेतलं. ते छापखान्यात कामाला होते. त्यांच्या लहानग्या धनेशला ऑक्टोबरच्या उकाड्याने अंगभर घामोळं उठलं होतं. टॅक्सीचे पैसे वाचवायला त्यांनी मला दुकानापासून चाळीपर्यंत खांद्यावरून आणलं. त्या दुपारी माझ्या वाऱ्यात धनेश पहिल्यांदा न रडता झोपला.

चाळीत माझं फार कौतुक व्हायचं. शेजारी बाळंतीण घरी आली, की लोक मला हक्काने उचलून नेत. कोणाकडे साखरपुडा असला, तर नवरीच्या बाजूला माझी जागा ठरलेली. परत आलो, की गणपतराव माझी जाळी काढून एकेक पातं ओल्या फडक्याने पुसत. त्या दिवसांत मी कोणाचा, हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊकच होतं.

पुढे चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. नव्या घरात एसी आला आणि मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. माझ्याशी कोणी वाईट वागलं असं नाही. माझी आठवणच कोणाला होत नव्हती.

गेल्या वर्षी श्रावणात धनेशच्या कंपनीने सगळ्यांचा पगार कापला. त्याची बायको रुपाली तशी काळजी करणारीच. मुलगी शिंकली तरी ती दोनदा कपाळाला हात लावून बघते. तिने घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर रुचाच्या शाळेची फी भरायची आहे आणि ती आपल्याच खर्चातून वाचवायची आहे. रविवारचं बाहेरून मागवणं बंद झालं. मधल्या सुट्टीचा डबा घरचाच ठरला. एसी बंद झाला, आणि मी खाली उतरलो.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाबुरावांनी मला तेल दिलं, कंडेन्सर बदलला. मी पुन्हा फिरू लागलो, पण वळताना माझा घसा खरखरायला लागला होता. दुसरीतल्या रुचाला त्याचंच हसू यायचं. आजोबांनी, म्हणजे गणपतरावांनी, तिला वीजमंत्री नेमलं. मंत्रीबाई घरभर फिरून दिवे बंद करत. एकदा तर धनेश दाढी करत असतानाच त्यांनी दिवा घालवला. महिनाभरात घराला या सवयी लागल्या. बिल खरंच उतरलं. मला वाटलं, आपले चांगले दिवस परत आले.

पण बेल वाजली, की रुपाली मला उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. मजल्यावरच्या सगळ्यांकडे एसी चालू, आपल्याकडेच हा खरखरणारा पंखा, याची तिला लाज वाटायची. एकदा तिने रुचाला जवळ घेऊन सांगितलं, "कोणी विचारलं ना, तर एसी बिघडलाय म्हणायचं. घरातलं सगळं बाहेर सांगायचं नसतं, बाळा." रुचाने मान हलवली. मुलं ऐकतात हो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकतात.

नवरात्रात भोंडला रुचाकडे होता. पाटावर तांदळाचा हत्ती काढला होता. बायका आणि मुली घर भरून आल्या. आतल्या खोलीत सगळ्यांच्या पर्सेस ठेवायच्या, म्हणून मला बाथरूममध्ये बादलीशेजारी ठेवलं. दाराआडून मला गाणी ऐकू येत होती. मग खिरापत ओळखायची वेळ आली. डब्यात काय आहे, ते मुलींनी ओळखायचं असतं. कोणी केक म्हणालं, कोणी पिझ्झा. डब्यात घरी केलेले भोपळ्याचे घारगे होते.

शेजारच्या अक्षदावहिनी पदराने वारा घेत म्हणाल्या, "रुपाली, एसी लाव की गं. घारगे नंतर, आधी आम्हीच तळून निघतोय."

"बिघडलाय हो," रुपाली म्हणाली.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटी मनू हात धुवायला आत आली. तिने मला पाहिलं आणि दारातूनच विचारलं, "काकू, तुमच्या बाथरूममध्ये पंखा का बसलाय? त्याला शी झालीय का?"

बायका हसल्या. रुपाली घाईघाईने घारगे वाढू लागली. रुचाच पुढे झाली. चेहऱ्यावर जराही गडबड नाही. ती म्हणाली, "तो आमचा नाहीये. वॉचमनकाकांचा आहे. त्यांच्याकडे एसी नसतो ना, म्हणून."

गणपतराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. ते उठले, आत आले आणि खांद्यावरच्या पंच्याने माझ्या जाळीवरचे पाण्याचे थेंब टिपू लागले. मित्रांनो, बादलीशेजारी बसल्याची मला तेवढी लाज वाटली नाही. ती वाटली, ते कोरडी झालेली जाळीही पुन्हा पुन्हा पुसत राहिले तेव्हा. माझ्यामुळे या माणसाला आपल्याच घरात खाली बघावं लागलं, असं वाटून मी अगदी मेल्यासारखा झालो.

रुपाली दारात येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. तिने मला उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवलं.

"पंखा आमचाच आहे. रुचाच्या आजोबांनी घेतलेला," ती म्हणाली. "एसीला काही झालेलं नाही. फीसाठी पैसे वाचवतोय, म्हणून लावत नाही. रुचाला खोटं बोलायला मीच शिकवलं."

एक बाई उगाच मोबाइल बघू लागल्या. शेवटी अक्षदावहिनींनी प्लग खोचला. "वारा आहे ना त्याला? मग इकडे वळव," त्या म्हणाल्या. मुली माझ्यासमोर तोंड नेऊन आ करू लागल्या, तुटक तुटक आवाज ऐकून खिदळू लागल्या. रुचा मात्र आली नाही. ती सोफ्याच्या मागे उभी होती.

सगळे गेल्यावर ती आजोबांजवळ गेली. "मी पंख्याला आपला नाही म्हटलं," ती म्हणाली.

"पंख्याला काय कळतंय त्यातलं," आजोबा म्हणाले. "मला मात्र लागलं."

रुचा त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडली. रुपाली ओट्याशी पाठ करून भांडी विसळत राहिली. तीही रडत असावी.

फी वेळेवर भरली गेली. मी बाहेरच्या खोलीतच असतो. बेल वाजली, की रुपाली अजूनही क्षणभर माझ्याकडे बघते. मग मला तिथेच ठेवून दार उघडते. त्या एका क्षणात तिला किती जड जातं, ते मला दिसतं.

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागतो. घरात काटकसर चालू असेल तर तिला हातभार लावा. जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, त्यांना वेळेवर तेल द्या. आणि चारचौघांत कोणी विचारलं, की हा कोणाचा, तर ज्याने खांद्यावरून वाहून आणला, त्याचं नाव सांगा. तो कदाचित बाजूलाच बसून ऐकत असेल.