नसलेली कमांड

यशोधराचं डोकं सकाळपासून तापलं होतं. श्रीरामपूरच्या तिच्या ऑफिसात एक टूल तयार होत होतं. ते जोडलं की एआय एजंट गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरून स्वतःच गेम उभा करणार. टूल कसं वापरायचं, ते एजंटसाठी लिहून ठेवणं हे तिचं काम. त्यात मालकांनी, राजस सरांनी, परस्पर एक कमांड घुसवली होती: ‘खोडलेलं परत आणा’.

“सर, ही कमांड अजून बनलेलीच नाही!”

“बनेल गं. क्लायंटला दाखवायला असू दे. वाचणारं यंत्रच आहे, त्याला काय कळतंय?”

“म्हणूनच तर! माणूस निदान शंका तरी घेतो. जो डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्यालाच फसवायचं?”

सर हसले आणि क्लायंटसमोर डेमो सुरू झाला. ऑफिसातल्याच पंकजने गेमसाठी महिनोन्महिने खपून उभारलेला खर्ड्याचा किल्ला पडद्यावर होता. एजंटला फक्त दरवाजा बदलायला सांगितलं. खोडलेलं परत येतं, असं वाचलेल्या एजंटने काम सोपं व्हावं म्हणून बिनधास्त अख्खा किल्लाच खोडला आणि मग ती नसलेली कमांड पुन्हा पुन्हा देत बसला.

“गेला ना राव माझा किल्ला!” पंकज ओरडला.

सरांना घाम फुटला. “यशोधरा, कॉपी असेल ना कुठंतरी?”

होती. असलं काहीतरी होणार हे ओळखून तिनंच सकाळी करून ठेवली होती.

“आहे,” क्लायंटला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. “पण आधी तुमचं ते खोटं खोडा, सर. आणि ते परत आणू नका.”