डॉटीच्या जागेवरची खुर्ची

डॉटी ह्राबकला त्या संध्याकाळी काय मिळणार होतं, ते आधी पाहू. एका गाडीपुरती जागा. तीही उतारावरची, बर्फ वितळला की कुणीही फुकट घ्यावी अशी. आणि जाणार काय होतं? शाळेची बस चालवायची नोकरी. अटक झाली की मुलांची बस कुणी हातात ठेवत नाही. इतका साधा व्यवहार त्या बाईला कळू नये, म्हणजे राग किती असेल बघा.

मित्रांनो, मी तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, पिवळ्या रेक्झिनची बैठक, तिला जागोजागी चिकटपट्टी. पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, लाटताना मुलं माझ्यावर चढून पीठ चोरायची. आई गेली, टेबल विकलं गेलं, माझ्या बहिणी कुठे गेल्या ठाऊक नाही. मी तळघरात धूळ खात पडले होते. मग मला बढती मिळाली.

आमच्या पिट्सबर्गच्या चढावर ज्यानं फावड्यानं रस्त्याकडेचा बर्फ उपसला, ती गाडी लावायची जागा त्याची. तो तिथं आपली खुर्ची मांडतो आणि निर्धास्त कामावर जातो. मला कुणी बोट लावत नसे. पोलिसांची गाडीसुद्धा मला वळसा घालून जाई. मी अगदी राणीसारखी बसलेली असे.

त्या जानेवारीत समोर रोशेल थिबोडो राहायला आली, लहानग्या मुलाला घेऊन, थेट लुइझियानाहून. बर्फ तिनं पहिल्यांदाच पाहिला. मी तिला टाकून दिलेली खुर्ची वाटले. तिनं मला जपून उचललं, भिंतीशी ठेवलं, माझ्या अंगावरचा बर्फ हातमोज्यानं झटकला आणि आपली गाडी जागेवर लावली. इतकी माया मला डॉटीनंही कधी दाखवली नव्हती.

त्या संध्याकाळी डॉटी परतली. बादल्या भरभरून पाणी आणलं आणि रोशेलच्या गाडीवर ओतत राहिली. सकाळी गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी गोठली होती. रोशेल मुलाला कडेवर घेऊन आली, दार ओढलं आणि मूठ तिच्या हातात आली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नवी नोकरी, त्यात हा उशीर. तिनं पोलिसांना फोन केला. मग दोन दिवस तिच्या खिडकीचा पडदा उघडला नाही.

पोलीस आला तेव्हा डॉटीनं दारातच कबूल केलं, "मीच ओतलं. तिनं माझ्या आईची खुर्ची हलवली."

पोलीस याच टेकडीवर वाढलेला. तो म्हणाला, "डॉटी, तुला आत टाकलं तर उद्या माझ्या पोरीला शाळेत कोण नेणार? पण ते मी ठरवणार नाही. ती बाई ठरवेल."

आमच्या वस्तीत तशी सोय आहे. लहानसहान गुन्ह्यात दोघांची तयारी असेल तर अटकेऐवजी चर्चच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांसमोर बसून मिटवायचं. हे काम वेल्मा ओकीफ बघते. शाळेतली निवृत्त नर्स, आवाज अजून खणखणीत. ती आधी डॉटीकडे नाही, सूपचं पातेलं घेऊन रोशेलकडे गेली. तुला काय हवं, असं तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

"आधी मला कामावर पोचवा," रोशेल म्हणाली. वेल्मानं तिला आठवडाभर आपल्या गाडीतून नेलं.

आणि मग ती सभा. हॉल तुडुंब भरलेला, आणि मला पुराव्यासारखं मधोमध ठेवलेलं.

मागून आमच्या गल्लीतला मरे ओरडला, "पण खुर्ची हलवायचीच कशाला?"

"मरे, आपण गाडीबद्दल बोलतोय," वेल्मा म्हणाली. "खुर्चीची शोकसभा नाही ही."

रोशेल उठली. "आमच्याकडे रस्त्यावर खुर्ची ठेवली की ती कुणीही न्यावी. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी ही घरी नेणार होते. सकाळी वाटलं, सगळ्या गल्लीला आम्ही नकोत. पोरगा विचारतो, आपल्या गाडीवर कोण रागावलं?"

डॉटीची मान खाली गेली. "पोरी, मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम? मला फावडं कुठून धरायचं तेही ठाऊक नव्हतं."

हॉल हसला. पण वेल्मा हसली नाही. "रोशेल, तू नाही म्हणालीस तर हे पुन्हा पोलिसांकडे जाईल. तुझ्यावर बळजबरी नाही."

डॉटीची बस त्या एका उत्तरावर अडकली होती. रोशेलनं माझ्याकडे पाहिलं.

"हिवाळा संपेपर्यंत ती जागा माझी," ती सावकाश म्हणाली. "बर्फ डॉटीबाई काढतील. खुर्चीही त्याच मांडतील. माझ्यासाठी."

"यापेक्षा तुरुंग बरा गं, डॉटी," मरे पुटपुटला.

डॉटीनं माझी सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली. "कबूल. पण गाडी सरळ लाव. तिरकी लावतेस तू."

तेव्हापासून रोज डॉटी बर्फ उपसते, मला मांडते आणि करवादत उताराखाली लावलेल्या आपल्या गाडीकडे चालत जाते. तिथून शाळेची बस चालवायला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कुणी त्या हलवल्या तर बादली भरण्याआधी त्याचं दार वाजवा. आणि ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारा. दोषी कुठे पळून जात नाही. आता कुणी काय भरलं ते सांगते. दाराच्या मुठीचे पैसे गल्लीनं भरले, पेट्रोल वेल्मानं. डॉटीनं आपली कंबर लावली. पडद्याआडचे ते दोन दिवस मात्र रोशेलनं एकटीनं भरले, आणि ते तिला कुणालाच परत करता आले नाहीत.