राणीच्या दातांतली फट

माझ्या भाचीला घरात सगळे भोंगा म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर आपण काय उपद्व्याप केलाय ते ती आधी आठवायला लागते. वय अकरा, डोक्यात चोवीस तास नाटक, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर तिने संवाद म्हणायला घेतले की खाली माझ्या कामाच्या खोलीतल्या वाट्या थरथरतात. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वेगळे, मी वेगळा. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो आणि गुलाबी हिरडीसकट तयार माल परत देतो. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, आणि त्यातल्या एकाचाही दात वाकडा नाही. या बाबतीत मला नम्रपणा जमत नाही आणि जमवायचाही नाही.

वरच्या मजल्यावर ताई राहते, म्हणजे भोंग्याची आई. ताई हॉस्पिटलात सिस्टर आहे. दिवसभर वॉर्डात लोकांना गप्प करत हिंडते आणि घरी आली तरी तिचं बोट ओठांवरून खाली येत नाही. "अगं हळू बोल" हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा म्हटलं जातं, तितक्या वेळा "जेवलात का" पण म्हटलं जात नसेल.

तर त्या वर्षी मुलांच्या नाट्यमंडळात भोंग्याला राणीचं काम मिळालं. आधीच्या दोन नाटकांत ती गर्दीत होती. आता अख्खा अंक राजाला आणि सेनापतीला झापायचं! पोरगी हवेत. राणीला एकदा चक्करही येते, म्हणून ती पलंगावर पडायचा सराव करत होती. एके दिवशी इतकं खरं वाटेल असं पडली की पलंगाच्या कडेवर आपटून वरचे पुढचे दोन दात गेले.

डॉक्टर म्हणाले, मोठी होईपर्यंत काढता-घालता येणारे दोन दात लावू. तोवर ती तशीच तालमीला गेली. पहिल्याच वाक्याला तोंडातून नुसती हवा निघाली, राजा झालेला पोरगा फिसकन हसला आणि मग सगळेच हसले.

आणि भोंगा बंद पडला.

बोलायची वेळ आली की हात तोंडावर. जेवतानाही हात तोंडावर. घर असं चिडीचूप की मला खाली माझंच घड्याळ ऐकू यायला लागलं. नाटकाच्या बाईंनी सांगितलं की शनिवारच्या तालमीत नीट बोलली तर ठीक, नाहीतर राणी दुसरीला द्यावी लागेल. त्या दुसरीने सगळे संवाद पाठ करून ठेवले होते आणि ती भोंग्याच्या तब्येतीची रोज फार मायेने चौकशी करत होती.

"जाऊ दे रे," ताई मला म्हणाली. "पुढच्या वर्षी करेल. उगाच स्टेजवर हसं व्हायचं. आणि खरं सांगू, घरात जरा शांतता आहे ती बरी वाटतेय."

माझं टाळकंच फिरलं. "शांतता? ताई, ही शांतता नाही, हा संप आहे! पोरगी आतल्या आत कुढतेय आणि तुला बरं वाटतंय?"

"आवाज खाली," ताई म्हणाली.

मी खाली आलो तो थेट कामालाच बसलो. हातातल्या तीन कवळ्या बाजूला सारून भाचीचे दोन दात केले. काय सांगू, उभ्या आयुष्यात इतकं सुबक काम केलं नसेल. शुभ्र, सरळ, एकमेकांना चिकटून. टाळ्याला नेमकी बसणारी पट्टी. तिने ते घातले, आरशात बघितलं, "छान आहेत मामा" म्हणाली आणि हात तोंडावर नेला.

नवे दात घातल्यावर जीभ आठवडाभर अडखळते, सगळ्यांचीच. त्यावर औषध एकच, मोठ्याने बोलत राहायचं. पण ही तर नाटकाची वही घेऊन कोपऱ्यात पुटपुटत बसायची.

त्याच सुमारास माझ्याकडे एक निवृत्त न्यायाधीश यायचे. नवी कवळी लावल्यापासून यांनीही तोंड उघडणं सोडलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर भल्याभल्यांना खडसावलं, तो आता मानेने हो-नाही करत होता. एका संध्याकाळी हे दोघं माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले, दोघांचेही हात तोंडावर. मला ते बघवेना. मी वही जजसाहेबांच्या हातात कोंबली.

"साहेब, तुम्ही राजा. ही राणी. वाचा!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, मला फाशीच होणार. पण वाचलं. पहिल्याच वाक्याला त्यांची कवळी खट्टकन वाजली. भोंगा खुदकन हसली. साहेब आधी रागावले, मग तेही हसले. तिथून ते रोज यायला लागले, आणि कवळीचं काम संपलं होतं तरी त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

चार-पाच दिवसांत साहेबांचा राजा गरजू लागला. भोंग्याची जीभही सुटली, शब्द स्वच्छ यायला लागले. पण आवाज? एवढासा. आणि हात पुन्हा पुन्हा तोंडाकडे. शुक्रवार उजाडला तरी तेच. शेवटी साहेबांनी वही मिटली.

"बाळ, तुझी नेमकी तक्रार काय आहे? न घाबरता सांग."

तिने माझ्याकडे चोरून बघितलं. "हे दात माझे नाहीत."

"म्हणजे काय?" मी उसळलो. "तुझे नाहीत तर कुणाचे?"

"टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईचे. माझ्या दातांत फट होती, मामा. एक दात थोडा तिरका होता. आता मी बोलले की दुसरंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

फट! मी तीस वर्षं लोकांच्या फटी बुजवत आलो. माझ्या हातून तिरका दात गेला तर धंदा बंद करून घरी बसेन मी! हे सगळं मी बोलून दाखवलं, चांगलं तावातावाने. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"निकाल मुलीच्या बाजूने," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

मी थोडा वेळ धुसफुसलो. मग तिचा वाढदिवसाचा फोटो समोर ठेवला. त्यात ती तोंडभर हसत होती, आणि फट अशी की हसू तिच्यातूनच बाहेर पडतंय. वाईट वाटलं मला. इतकं गोड होतं ते, आणि मी लिंपून टाकलं होतं.

पण हात ऐकेल तर शपथ! मेणात दात तिरका बसवावा, तर बोटं आपोआप सरळ करून मोकळी. पुन्हा वाकडा केला, पुन्हा सरळ. स्वतःच्याच हाताला शिव्या घालत, कसंबसं एकदाचं ते काम मनासारखं बिघडवलं.

शनिवारी सकाळी तिने ते घातले. आरशात पाहिलं. जिभेचं टोक फटीत घालून बघितलं. आणि मग सेनापतीला असं झापलं, असं झापलं, की माझ्या हातातला साचा खाली पडून फुटला.

"अगं हळू!" वरून ताई.

"नाही बोलणार ती हळू!" खालून मी.

तालीम झाली, राणी आमच्याचकडे राहिली. दुसरीने चौकशी थांबवली.

प्रयोगाला हॉल भरला होता. मी मधे, एका बाजूला जजसाहेब, दुसऱ्या बाजूला ताई, जी आल्यापासून हातातल्या रुमालाची सुरळी करत होती. "हसतील का रे तिला?" तिने दोनदा विचारलं. पडदा उघडला. राणी आली, आणि तिने दरबार दणाणून सोडला. हसले की लोक, पण जिथे हसायचं तिथेच.

मग राजाचं वाक्य आलं. "राणीसाहेब, जरा हळू बोला. दरबार ऐकतोय." इथे राणी पाठ फिरवून रुसते. वाचून वाचून मला वही तोंडपाठ झाली होती, साहेबांनाही. पण राणीने पाठ फिरवली नाही. ती दोन पावलं पुढे आली.

"महाराज, मी हळू बोलून पाहिलं. सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं."

राजा आ वासून उभा. ताईने माझं मनगट धरलं.

"हे नाटकात आहे?"

हो म्हणून टाकता आलं असतं. "नाही," मी म्हणालो.

ताई नुसती उठून उभी राहिली, तिलाही कळलं नसावं. मागचा कुणीतरी वैतागला, "अहो बसा ना, शूऽऽ!" ताई गर्रकन वळली.

"माझी मुलगी बोलतेय तिथे!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की स्टेजवरची राणीसुद्धा थांबून बघायला लागली.