फिरकीच्या तांब्याची शांघायची रात्र

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल, तोंडावर फिरवून घट्ट बसणारं झाकण. मित्रांनो, जळगावचे रुईचे व्यापारी हस्तीमलशेठ प्रवासात माझ्याखेरीज कशातूनही पाणी पीत नसत. सूर्य मावळला की अन्न बंद. पाणी प्यायचं ते उकळलेलं आणि घरच्याच भांड्यातलं, असा त्यांचा नेम. मला त्याचा फार गर्व होता.

एका वर्षी शेठ सौद्यासाठी आगबोटीने शांघायला निघाले. बरोबर धुळ्याकडचे दलाल जीवरामभाऊ होते. बोट धक्क्याला लागली तेव्हा रात्र पडली होती आणि माझ्यातलं पाणी संपलं होतं. शेठच्या खांद्याला लटकून मी ते शहर पाहिलं. तांबड्या-निळ्या दिव्यांनी उजळलेले रस्ते, उभ्या अक्षरांच्या पाट्या, माणसांनी ओढायच्या गाड्या, तळणाचा अनोळखी वास. पाचोऱ्याच्या स्टेशनात लोक माझी चकाकी न्याहाळत. इथे मला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही.

हॉटेलात नोकराने एक थर्मास आणून ठेवला. अंगावर गुलाबी फुलं, बूच काढताच वाफ. पाहताक्षणी माझ्या पोटात दुखू लागलं.

"आठे बठ्ठा लोक उकाळेल पानीच पेतस, शेठ," जीवरामभाऊ म्हणाले.

"इथले सगळेच? मग आपल्यातलेच म्हणायचे," शेठ हसले. "पण आपल्या तांब्यात ओता. नेम तो नेम."

मी थर्मासकडे तोऱ्यात पाहिलं. शेठनी सवयीने माझं झाकण घट्ट फिरवलं आणि पाणी निवायची वाट पाहत बसले. उकळतं पाणी भरून फिरकी लावू नये, हे त्या शिणात कुणालाच सुचलं नाही. पाणी निवलं, आतली वाफ आटली आणि झाकण आत ओढलं जाऊन असं बसलं, की दोघांनी जोर लावूनही हलेना. शेठचा घसा कोरडा पडला होता. पोटात पाणी असून मला ते देता येईना. शेवटी त्यांनी डोळे मिटून हात जोडले, थर्मासमधलं पाणी पेल्यात घेतलं आणि फुंकर मारत प्याले.

"शेठाणीसाठी असाच एक नेऊ," ते म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला.

सकाळी जीवरामभाऊंनी ठोकून ठोकून झाकण उघडलं. तोवर कुणाला तहान नव्हती.

आता शेठाणी धापूबाई तो थर्मास मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात. मी वरच्या फळीवर, झाकण लावलेला. मत्सर वाईट, हे मला कळतं. पण होतो, त्याला काय करू?

मित्रांनो, नवं जरूर आणा. जुन्या भांड्याचं झाकण तेवढं उघडं ठेवा. बंद राहिलं की रिकाम्या भांड्यालाही वास लागतो. मग एखाद्या तहानलेल्याने हात पुढे केलाच, तर तोही नाक मुरडून मागे घेतो.